गोडाऊनमध्ये पोटमाळा चढवताना: जानेवारी ते सप्टेंबरचा हिशोब

चाकण एमआयडीसीतली भाड्याची शेड, १०,००० चौरस फूट. माल प्लंबिंगचा: सीपीव्हीसी पाइप, फिटिंग, पितळी व्हॉल्व्ह, सोल्व्हेंट सिमेंट. जानेवारी २०२४ मध्ये खोकी रस्त्यात यायला लागली आणि दोनच वाटा उरल्या. एक, शेजारी ३,००० फूट जागा घ्यायची. तेव्हा आमच्या भागात फुटाला २४ रुपये भाडं चालू होतं, म्हणजे महिन्याला ७२,०००. दोन, डोक्यावर रिकामी पडलेली जागा वापरायची, म्हणजे पोटमाळा चढवायचा. दुसरी वाट धरली. पहिल्या फोनपासून वर पहिलं खोकं ठेवेपर्यंत आठ महिने गेले. त्यातले दोन आमच्याच चुकांनी वाढले, म्हणून सगळं क्रमानं लिहितो.

सुरुवात कोटेशन मागवण्यापासून केली आणि तिथंच चुकलं. फोनवर प्रत्येक फॅब्रिकेटर (लोखंडी सांगाडा बनवणारा) एकच विचारतो: "किती फूट?" वजन किती, हे कुणी विचारत नाही. एकानं ३०० किलो प्रति चौरस मीटर धरून भाव दिला, दुसऱ्यानं ५००. स्वस्त कोण, हे त्यावरून कळूच शकत नाही. ते कागद बाजूला ठेवले आणि आठवडाभर माल मोजला. फिटिंगचं ६० × ४० × ४० सेंमीचं खोकं १२ ते १३ किलो भरतं. दोन मीटर उंच थप्पी लावली तरी चौरस मीटरला साधारण २६० किलोच होतात. पितळी व्हॉल्व्हचं खोकं हातभर लांबीचंही नसतं आणि वजन २२ किलो. त्याची मीटरभर थप्पी चौरस मीटरला १,५०० किलोपर्यंत जाते. पितळ वर जाणार नाही हे त्या आठवड्यातच ठरलं. सोल्व्हेंट सिमेंटही नाही, कारण ते ज्वलनशील आहे आणि पत्र्याखालची जागा तापते. एप्रिलमध्ये दुपारी खाली ३६ अंश असताना शिडीवर थर्मामीटर धरला तर ४१ दिसले.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात स्ट्रक्चरल इंजिनिअर नेमला. तो फॅब्रिकेटरचा नसावा, आपण पैसे देऊन नेमलेला असावा. आमचा २६० चा आकडा पाहून त्यानं आयएस ८७५ भाग २, म्हणजे मजल्यावर किती भार धरायचा हे सांगणारं भारतीय मानक, पुढे ठेवलं. गोदामासाठी त्यात साठवणुकीच्या प्रत्येक मीटर उंचीमागे चौरस मीटरला २.४ किलोन्यूटन धरायचे असतात, पण कमीत कमी ७.५. म्हणजे ढोबळमानानं ७५० किलो. आज वर हलकी फिटिंग आहेत म्हणून ३०० वर डिझाइन केलं, तर उद्या कुणी घाईत व्हॉल्व्हची खोकी वर नेऊन ठेवेल तेव्हा बीम काही विचारणार नाही. तेव्हापासून सगळ्यांना भाव ७५० वरच मागितला. पहिल्या यादीतले दोन जण तिथंच गळले.

मग उंची. भाडेकरारात ७.५ मीटर लिहिलेली असते ती कडेची उंची. प्रत्यक्ष लेझर मीटरनं मोजलं तर कॉलम आणि राफ्टर जिथं जुळतात तिथं ६.७ मीटरच मोकळे होते, आणि लाइट व केबल ट्रे धरून ६.४. हिशोब या ६.४ वरच करायचा. खाली ३ मीटर मोकळे, त्यावर ३५० मिमीची मुख्य बीम, त्यावर ६ मिमीची चेकर प्लेट (उठावदार नक्षीची लोखंडी प्लेट). मजल्याचा माथा आला ३.३६ मीटरवर आणि वर उरले ३.०४. दुय्यम बीम मुख्य बीमवर ठेवायच्या नाहीत, तिच्याच पातळीत पोटात बसवायच्या, असं आधीच सांगा. फॅब्रिकेटरला वर ठेवणं सोपं पडतं, पण त्यात आमचे १७५ मिमी गेले असते.

याच सुमारास कळलं की फोर्कलिफ्ट तिथवर पोहोचतच नाही. आमचा मास्ट (काटा वर नेणारा खांब) तीन मीटरचा, मजला ३.३६ वर. उंच मास्टचं मशीन घेतलं तरी काटा जितका वर जाईल तितकी त्याची उचलायची क्षमता कमी होते, हे मशीनच्या प्लेटवरच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. मजला खाली घेतला असता तर खालच्या पॅलेटच्या थप्प्या गेल्या असत्या. म्हणून एक टनाची हायड्रॉलिक गुड्स लिफ्ट खर्चात आली. माल वर कसा जाणार हे ठरल्याशिवाय मजल्याची उंची पक्की करू नका. आम्ही उलट केलं होतं आणि ड्रॉइंग दोनदा बदललं.

फेब्रुवारीच्या मध्यावर फरशी तपासली. ट्रायमिक्सची (पाणी शोषून घट्ट केलेल्या काँक्रीटची) फरशी वरून गुळगुळीत दिसते, आत किती जाड आहे ते कोअर, म्हणजे ड्रिलनं कापलेला गोल तुकडा, काढल्याशिवाय कळत नाही. तीन ठिकाणी कोअर काढले. कागदावर १५० मिमी. दोन कोअर १५० च्या आसपास भरले, तिसरा ११८. मधल्या एका कॉलमवर किती भार येतो ते पाहा: खण (चार कॉलममधला भाग) ५.२ × ४.५ मीटर, म्हणजे २३.४ चौरस मीटर. ७५० किलो मालाचे आणि ११० किलो लोखंडाचे, मिळून सुमारे २० टन. तो एका बेस प्लेटमधून ११८ मिमी फरशीवर आणि खालच्या मुरमावर टाकायला इंजिनिअरनं साफ नकार दिला. जमिनीची भारक्षमता चौरस मीटरला १५ टन धरून मधल्या सहा कॉलमना १.२ × १.२ मीटरचे आणि कडेच्या चौदांना ०.९ × ०.९ चे फूटिंग (कॉलमखालचे काँक्रीटचे पाये) निघाले. "फरशीवर चार अँकर मारले की झालं" असं म्हणणारा हलक्या मालासाठी बरोबर असेलही, पण त्याच्याकडून कॉलमचा भार लिहून मागा. आकडा लिहून द्यायचं म्हटलं की तोच माणूस फूटिंगचं बोलायला लागतो.

५.२ मीटरचा खण कुठून आला? लोखंडाच्या हिशोबातून नाही, खालच्या मालातून. पाठीला पाठ लावून दोन पॅलेट म्हणजे २.२ मीटर, बॅटरी स्टॅकरला (पॅलेट उचलणाऱ्या छोट्या यंत्राला) वळायला २.८, झाले ५ मीटर, आणि कॉलमची जाडी धरून ५.२. शिवाय पाइप ५ मीटर लांबीचे असतात, ते दोन कॉलमच्या मधे आडवे मावायला हवेत.

या पाइपांनीच पोटमाळ्याचा प्रकार ठरवला. आमच्यापुढे तीन प्रकार होते. पहिला, शेडच्या कॉलमना बीम जोडायच्या. मालकानं नकार दिला आणि ते योग्यच होतं. त्या कॉलमचं डिझाइन छत आणि वारा यांच्यासाठी झालेलं असतं. दुसरा, दुमजली रॅक: खालच्या रॅकच्या खांबांवरच वरचा मजला. हा सर्वांत स्वस्त, फुटाला ६०० रुपयांच्या आसपास भाव आला. भार अनेक बारीक खांबांत वाटला जातो, त्यामुळे फरशीवरही ताण कमी. ज्यांचा सगळा माल खोक्यांत आहे आणि करार तीन-चार वर्षांचाच उरला आहे, त्यांनी डोळे झाकून हाच घ्यावा. पण यात खाली दर मीटर-सव्वा मीटरवर खांब येतो, आणि पाच मीटरचा पाइप त्यातून फिरवता येत नाही. म्हणून तिसरा: स्वतःच्या कॉलमवर उभा, बोल्टनं जोडलेला, शेडला कुठंही न टेकणारा. भूकंपात शेड आणि पोटमाळा वेगवेगळे हलतात, म्हणून दोघांत जागा सोडावीच लागते. कुणी "आधाराला एक क्लिप मारतो" म्हणालं तर मारू देऊ नका.

पृष्ठभागासाठी काँक्रीट, सिमेंट बोर्ड आणि चेकर प्लेट असे पर्याय होते. डेक शीटवरचं काँक्रीट चालायला उत्तम, आवाज नाही, पण मधल्या कॉलमचा भार २० वरून २४ टनांवर जात होता आणि जागा सोडताना ते फोडूनच काढावं लागलं असतं. बोर्ड हलका आणि स्वस्त. हँड पॅलेट ट्रकची छोटी चाकं त्याच त्या वाटेवर फिरली की सांधे उखडतात, हे दुसऱ्याच्या गोदामात पाहिलं होतं. चेकर प्लेट घेतली. ती वाजते. ट्रॉली फिरली की खाली बोलणं ऐकू येत नाही, हे घेण्याआधी कुणी सांगितलं नव्हतं. नंतर मुख्य वाटेवर रबर मॅट टाकली.

मार्चमध्ये कोटेशन पुन्हा मागवली. या वेळी सोबत इंजिनिअरचं ड्रॉइंग दिलं आणि उत्तर ठरावीक नमुन्यात मागितलं: एकूण वजन किलोत, प्रत्येक सेक्शनचं नाव, स्टीलची ग्रेड, प्लेटची जाडी, बोल्टची ग्रेड, रंगाचे किती कोट आणि किती मायक्रॉन. मुख्य बीम आयएसएमबी ३५० (३५० मिमी उंच, आय आकाराची), दुय्यम आयएसएमबी १७५ दर ६५ सेंमीवर. वाकण्याची मर्यादा लांबीच्या ३०० व्या भागाची, म्हणजे ५.२ मीटरला १७ मिमी. एकाचा भाव २० टक्के कमी आला होता. उघडून पाहिलं तर प्लेट ४ मिमीची आणि दुय्यम बीम दर १.२ मीटरवर. किलोवर भाव ठरवला तर बिल वजनकाट्याच्या पावतीवर घ्या, आणि ड्रॉइंगच्या वजनापेक्षा ३ टक्क्यांहून जास्त झालं तर पैसे मिळणार नाहीत अशी अट घाला. आमचं ३१.४ टन भरलं, किलोला १०२ रुपये.

मंजुरीची कागदपत्रं मार्चअखेर दाखल झाली. भाडेकरूला इथं एकट्यानं काही करता येत नाही, अर्ज भूखंडधारकाच्या नावानंच जातो. लागलेले कागद: मालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र, मूळ मंजूर नकाशा, बीसीसी (बांधकाम पूर्ण झाल्याचा दाखला), भाडेकरार, पोटभाड्याची परवानगी, इंजिनिअरचं स्थिरता प्रमाणपत्र, आर्किटेक्टचा सुधारित नकाशा आणि अग्निशमनाचं ड्रॉइंग. पोटभाड्याची परवानगी अनेकांकडे नसते आणि तिथूनच घोडं अडतं. ती आधी तपासा. राष्ट्रीय बांधकाम संहितेत पोटमाळ्याचं क्षेत्र जोत्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नसावं असं आहे. आमची शेड ९२९ चौरस मीटर, तिसरा हिस्सा ३१०, आम्ही २०.८ × १३.५ म्हणजे २८१ वर थांबलो. "बोल्टचा आहे, मंजुरी कशाला" असं सांगणारे चार जण भेटले. विमा कंपनीच्या सर्व्हेअरचा पहिला प्रश्न मात्र मंजूर नकाशाचाच होता.

दोन शेरे आले, दोन्ही रास्त. पहिला: छेदचित्रात वरच्या मजल्याची मोकळी उंची लिहिलेली नव्हती. दुसरा: जिना एकच दाखवला होता. लांब कोपऱ्यातून जिन्यापर्यंत २०.८ अधिक १३.५, म्हणजे ३४ मीटर चालावं लागत होतं आणि मर्यादा ३० ची. समोरच्या कोपऱ्यात दुसरा जिना टाकला. अर्ज करण्याआधी हे मोजायला एक टेप पुरला असता. न मोजल्याचे साडेतीन आठवडे गेले. मंजुरी आणि अग्निशमनाचा तात्पुरता ना-हरकत दाखला मेच्या तिसऱ्या आठवड्यात हातात आला.

फूटिंग २२ मेला सुरू झाले. चालू गोदामात वीस खड्डे म्हणजे धूळ. कटरला पाणी लावायचं, माल प्लास्टिकनं झाकायचा आणि एका वेळी पाचच खड्डे घ्यायचे, म्हणजे डिस्पॅच चालू राहतो. फरशी कापण्याआधी जमिनीखालून जाणारी अर्थिंगची पट्टी आणि पाइप शोधा. आमची अर्थिंगची पट्टी तिसऱ्या खड्ड्यात कापली गेली. फाउंडेशन बोल्ट टेम्प्लेट लावूनच ओतले होते, तरी काँक्रीट ओतताना दोन टेम्प्लेट सरकले आणि बोल्ट १२ मिमी बाजूला गेले. फॅब्रिकेटर गॅस कटरनं भोक मोठं करून मोकळा होणार होता. इंजिनिअरनं भोक ड्रिलनं वाढवून वर जाड चौकोनी वॉशर वेल्ड करून घेतला. बेस प्लेटखाली २५ मिमी नॉन-श्रिंक ग्राउट हवंच. त्या जागी साधा सिमेंटचा माल भरला तर तो आकसतो आणि कॉलम बोल्टवरच उभा राहतो.

लोखंड जुलैत चढलं, चौदा दिवसांत. साइटवर वेल्डिंग जितकं कमी तितकं चांगलं, सभोवती पुठ्ठ्याची खोकी असतात. जे करावं लागलं ते फायर ब्लँकेट, दोन एक्स्टिंग्विशर आणि काम संपल्यावर तासभर पहाऱ्याचा माणूस, एवढं ठेवूनच. ब्रेसिंग (सांगाडा डुलू नये म्हणून लावलेले तिरके आधार) कुठल्या खणात येणार हे मात्र आधी बघा. ड्रॉइंगमध्ये ती एक बारीक तिरकी रेघ असते. जागेवर नेमका तोच स्टॅकरचा रस्ता निघतो. आमच्या एका खणात ती बदलून कोपऱ्यातल्या आखूड तिरक्या आधारांवर न्यावी लागली.

स्प्रिंकलरनं सर्वांत जास्त उंची खाल्ली. मजला भरीव असला की छताचे स्प्रिंकलर खाली पोहोचत नाहीत, पोटमाळ्याखाली वेगळी ओळ लागते. हेडला ९ चौरस मीटर धरून ३२ हेड. पाइप बीमच्या खालून नेला तर ३ मीटरचे २.८५ होतात, बीमच्या मधल्या उभ्या प्लेटमधून न्यायचा असेल तर भोकं वर्कशॉपमध्येच आणि इंजिनिअरनं दाखवलेल्या जागीच पाडून यायला हवीत. आमच्या मुख्य ओळी तशा आल्या, दोन फाटे राहिले ते खालून गेले. शिवाय हेड आणि माल यांत अर्धा मीटर मोकळा ठेवावा लागतो. म्हणजे तीन मीटर बांधले तरी थप्पी अडीच मीटरच. हा आकडा पहिल्या दिवशी माहीत असता तर पॅलेटची उंची तेव्हाच ठरवली असती.

रेलिंग १.१ मीटर उंच, मधे एक आडवी नळी, आणि पायाशी १५० मिमीची उभी पट्टी. ही पट्टी वाचवू नका, खालच्या माणसाच्या डोक्यावर पडणारा एल्बो तीच अडवते. लिफ्टच्या तोंडाशी साखळी नको. दार बंद असल्याशिवाय लिफ्ट हलणार नाही असं इंटरलॉक हवं. महाराष्ट्रात लिफ्टसाठी २०१७ चा कायदा आहे: बसवण्याआधी परवानगी आणि चालवण्याआधी लिफ्ट निरीक्षकाची तपासणी व परवाना. ठेकेदार करून देतो, पण ते काम त्याच्या ऑर्डरमध्ये लिहा. आमच्या ऑर्डरमध्ये नव्हतं, त्याचे वेगळे पैसे लागले.

२० ऑगस्टला भारचाचणी. सिमेंटच्या गोण्या आणण्यापेक्षा गोदामातल्या हजार लिटरच्या पाण्याच्या टाक्या कामी आल्या. एका खणात चार-चारच्या चार रांगा, सोळा टाक्या, पाण्याचे दोन टँकर. सगळ्या टाक्या सारख्या पातळीनं, पाव-पाव भरत न्यायच्या. सोळा टन पाणी म्हणजे डिझाइनच्या सुमारे ९१ टक्के. पण यात एक मेख आहे: एकच खण भरला तर मुख्य बीमवर त्या एका बाजूचाच भार येतो. म्हणून दुसऱ्या दिवशी आठ-आठ टाक्या बीमच्या दोन्ही बाजूंना, तिला चिकटून लावल्या. २४ तासांनी बीम मधोमध ८ मिमी वाकलेली होती; पाणी सोडल्यावर जवळपास पूर्ण परत आली, १ मिमी राहिला. बोल्टच्या भोकांत बीम जागा घेते त्याचा तो मिलिमीटर, असं इंजिनिअरचं म्हणणं.

एकूण खर्च, जीएसटी सोडून: लोखंड ३२ लाख, फूटिंग २.१, जिने व रेलिंग २.३, लिफ्ट ४.८, स्प्रिंकलर २.२, इंजिनिअर-आर्किटेक्ट-फायर सल्लागार मिळून १.६. झाले ४५ लाख. सरकारी शुल्क आणि रॅक वेगळे. वाचलेलं भाडं वर्षाला ८.६४ लाख, म्हणजे वसूल व्हायला पाच वर्षांहून थोडं जास्त. आमच्या कराराची सात वर्षं शिल्लक होती म्हणून हे परवडलं. तीनच असती तर नसतं. करारात एक ओळ वाढवून घ्या: पोटमाळा भाडेकरूचा, जाताना तो काढून नेणार, फरशी पूर्ववत करून देणार. जीएसटीचं इनपुट क्रेडिट मिळतं की नाही हे बांधकाम स्थावर धरलं जातं का यावर अवलंबून असतं, तेव्हा पहिली ऑर्डर देण्याआधी सीएला विचारा, बिल आल्यावर नाही.

२ सप्टेंबरला वर रॅक लागले. रॅकचा पाय दोन दुय्यम बीमच्या मधे प्लेटवर आला की प्लेट बशीसारखी दबते, म्हणून प्लेटवर बीमच्या रेषा पांढऱ्या रंगानं आखल्या आणि पाय त्यांवरच ठेवले. जिथं जमलं नाही तिथं दोन बीमवर टेकणारी चॅनलची पट्टी खाली घातली. दोन्ही जिन्यांच्या तोंडाशी पाटी आहे: "७५० किलो प्रति चौ.मी. पितळ वर नेऊ नये." हमालांना चौरस मीटर कळत नाही, अशी तक्रार पहिल्याच आठवड्यात आली. आता खालची ओळ मोठ्या अक्षरांत आहे आणि शेजारी व्हॉल्व्हच्या खोक्याचं चित्र काढून त्यावर लाल फुली मारली आहे. महिन्यानं टॉर्क रेंच घेऊन सगळे बोल्ट पुन्हा तपासले, अकरा सैल निघाले, त्यातले नऊ लिफ्टच्या बाजूचे. आता त्या बाजूचे बोल्ट दर तीन महिन्यांनी, आणि बाकीचे जानेवारी-जुलैत अग्निशमनाचा फॉर्म बी (यंत्रणा चालू असल्याचा दाखला) भरायची वेळ आली की त्याच दिवशी.